वडिलांना कर्करोग झाल्याचे त्यांच्यापासून लपवणे योग्य आहे का?

तुम्ही लिहिले आहे की वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले असून केमोथेरपी लवकरच सुरू होणार आहे, आणि त्यांनी धीर सोडू नये म्हणून घरातल्या सर्वांनी त्यांना ‘आतड्याला सूज आहे’ असेच सांगायचे ठरवले आहे. हे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते ते योग्य नाही. स्वतःच्या आजाराविषयी किती जाणून घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार वडिलांचा आहे.

परळमधल्या एका रुग्णालयात मी अनेक वर्षे वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम केले. ‘पेशंटला काही सांगू नका’ हे वाक्य नातेवाईक केसपेपर हातात देता देताच बोलत, आणि त्यामागे मायाच असे, याविषयी मला शंका नाही. पण ज्याला रोगाचे नावच ठाऊक नाही, त्याने संमतिपत्रावर केलेली सही नेमकी कशासाठी असते? उलट्या, तोंड येणे, थकवा, जंतुसंसर्गाचा धोका हे सगळे सोसायचे त्यांनी, आणि त्यातून मिळणारा वेळ त्या त्रासाच्या मोलाचा आहे का, हे तोलायचे मात्र इतरांनी, ही विभागणी मला अन्यायाची वाटते. कोणी सगळे उपचार घ्यायचे ठरवील, कोणी मोजके उपचार घेऊन गावी जाऊन राहणे पसंत करील. कोणाला घराची कागदपत्रे मार्गी लावायची असतील, तर कोणाला तुटलेल्या भावाशी बोलायचे असेल. त्यासाठी लागणारा वेळ या आजारात अनेकदा थोडाच मिळतो.

कायद्याची दिशाही हीच आहे. समीरा कोहली खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढले होते. रुग्ण सज्ञान आहे, तातडीची वेळ नाही आणि शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारता आले असते, अशा स्थितीत आईची संमती चालत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची नियमावली मात्र इथे सैल आहे. आजाराचे गांभीर्य डॉक्टरने वाढवून किंवा कमी करून सांगू नये, असे ती बजावते; पण ते रुग्णालाच कळले पाहिजे असा आग्रह धरत नाही, नातेवाइकांना माहीत असणेही पुरेसे मानते. ही त्या नियमावलीतली मोठी उणीव आहे असे मला वाटते.

शिवाय हे लपून राहील असे समजू नका. मुंबईत ‘टाटाला दाखवायला सांगितलंय’ एवढ्यावरून शेजारीसुद्धा काय ते ओळखतात, आणि हल्ली रिपोर्ट रुग्णाच्या स्वतःच्या मोबाईलवर येतात. ज्यांना सगळे उमगलेले असते पण मुलांना वाईट वाटेल म्हणून जे गप्प राहतात, असे रुग्ण मी पुष्कळ पाहिले. त्यांना भीती वाटते, पण ती बोलून दाखवायला घरात कोणी उरत नाही.

सत्य त्यांच्यावर लादावे, असे मात्र मी म्हणत नाही. जागतिक वैद्यक संघटनेच्या १९८१ च्या लिस्बन जाहीरनाम्याच्या आजच्या मसुद्यात, रुग्णाने स्वतः तशी स्पष्ट इच्छा व्यक्त केल्यास माहिती न घेण्याचा त्याचा हक्क मान्य केलेला आहे. माहिती दिल्याने जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका पोहोचेल असे मानायला सबळ कारण असेल, तर ती रोखून ठेवण्याचा अपवादही त्यात आहे. पण ‘ते रडतील’ हे तसे कारण नव्हे.

म्हणून केमोथेरपी सुरू होण्याआधी डॉक्टरांना विनंती करा की त्यांनी वडिलांना एवढेच विचारावे : ‘तुमच्या आजाराची सगळी माहिती तुम्हाला सांगू, की मुलांशी बोलू?’ हे गर्दीच्या ओपीडीत विचारू नये. समाजसेवा विभागाची खोली मागितल्यास बहुधा मिळते. त्यांनी ‘मला सांगा’ म्हटले तर एका बैठकीत सगळे ओतू नये, त्यांच्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहावी आणि महिन्यांचे आकडे त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नयेत. त्यांनी ‘मुलांशी बोला’ म्हटले, तर तसे केसपेपरवर नोंदवून घ्या, आणि उपचार बदलायची वेळ येईल तेव्हा पुन्हा विचारा, कारण पहिल्या आठवड्यात दिलेले उत्तर दोन महिन्यांनी तेच राहील असे नाही.