साथ, शाळा आणि हजार विड्यांची मजुरी

प्रश्न : आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे. सध्या फ्लूनं तिसरी-चौथीची निम्मी मुलं घरी आहेत. काही पालक म्हणतात, आठ दिवस शाळा बंद ठेवा. विडी वळणाऱ्या आया म्हणतात, मुळीच नको. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. काय करावं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, बंद ठेवू नका.

बंदच्या बाजूनं १९१८च्या फ्लूच्या साथीतल्या दोन अमेरिकी शहरांचा दाखला देतात, तो खोटा नाही. फिलाडेल्फियात साथ शिरल्यावरही २८ सप्टेंबरला मोठी मिरवणूक निघाली. शाळा, थिएटरं बंद झाली ती ऑक्टोबरात. सेंट लुईसनं पहिले रुग्ण दिसताच दोन दिवसांत सगळं बंद केलं. साथ ऐन भरात असताना फिलाडेल्फियात आठवड्याला लाखामागे २५७ जादा मृत्यू झाले, सेंट लुईसमध्ये बंद लागू होता तोवर जास्तीत जास्त ३१. पण तो फ्लू धडधाकट तरुणांना नेत होता, आणि बंद वेळेवर झाला म्हणून फळला. तुमचा निम्मा वर्ग आधीच आडवा झालाय. आता कुलूप लावणं म्हणजे वरातीमागून घोडं.

शिवाय खर्च पडतो कुणाच्या पदरात? नोकरदार बाप रजा टाकेल, पगार चालू राहील. विडीवाली 'घरीच तर असते' म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्या शेजारी बसावं. मांडीवर सूप, त्यात तंबाखू. भिजवलेलं पान मापानं कापायचं, वळायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर. दोन पोरं अंगाखांद्यावर असताना हजार कसले भरतात? शाळेची खिचडीही बुडणार. आणि पोरं काय घरात बसणार आहेत? गल्लीत एकत्रच खेळणार. मजुरी जाईल, साथ तिथंच.

त्यापेक्षा आजारी मूल तेवढं घरी ठेवा. औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप आला नाही की मगच वर्गात घ्या. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस असेल तर यंदा रद्द करा, त्यापायीच तापलेली पोरं दप्तर उचलतात. खिडक्या उघड्या ठेवा. धाप लागली, ओठ निळसर दिसले, मूल पाणीही घेईना, तर त्याच दिवशी दवाखाना. अशी मुलं एकामागून एक निघू लागली तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. मग बंदचा विचार मीही वेगळा करीन.

राहिली फ्लूची लस. ती खासगीत दीड-दोन हजारांच्या घरात जाते, विषाणूशी नीट जुळली तरी बचाव साधारण ४० ते ६० टक्के, आणि दरवर्षी घ्यावी लागते. घरटी सगळ्यांना परवडायची नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी गरोदर सून, मधुमेही आजी, दम्याचं मूल. गरोदर बाईनं मात्र पैसे मोजण्याआधी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते का, ते विचारावं.