पहिली मोटरसायकल, तीही चिनी

प्रश्न: ताई, नुकतंच लायसन्स हातात आलंय. बजेट कमी आहे. नामांकित जपानी कंपनीची जुनी गाडी जेवढ्याला मिळते, तेवढ्यातच चिनी बनावटीची कोरी करकरीत मिळतेय. मित्र म्हणतात, चायना माल आहे, वर्षभरात खिळखिळा होईल. खरं काय? – एक विद्यार्थी

उत्तर: तुझे मित्र दोन अगदी वेगळ्या जातीच्या गाड्या एकाच तराजूत टाकताहेत. चोंगचिंगच्या लोन्सिन कंपनीने बीएमडब्ल्यूसाठी इंजिनं बनवली आहेत. हांगझोऊच्या सीएफमोटोने केटीएमसोबत भागीदारीत कारखाना काढला. इटलीची बेनेली २००५ पासून चियानचियांग या चिनी उद्योगसमूहाच्या मालकीची आहे. या लोकांच्या गाड्यांना वेगळा न्याय लावायची गरज नाही. इतर कुठल्याही कंपनीची गाडी जशी तपासशील, तशीच हीही तपास.

दुसरी जात स्वस्तातली. टाकीवरचं नाव आयात करणाऱ्यागणिक बदलतं, आत इंजिन मात्र बहुतेक वेळा तेच असतं. खोक्यातून येते, हँडल आणि पुढचं चाक इथे आल्यावर बसवतात. यातल्या कितीतरी गाड्यांच्या इंजिनाचं मूळ होंडाच्या १९७६ च्या सीजी १२५ मध्ये आहे. एक सिलिंडर, हवेने थंड होणारं, पुशरॉड म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या लांब दांड्यांवर चालणारं. देखभालीची हेळसांड झाली तरी तग धरावं, म्हणूनच होंडाने ते इतकं साधं ठेवलं होतं. त्यामुळे इंजिनाची धास्ती घेऊ नकोस. मी या गाड्या गॅरेजमध्ये उघडते तेव्हा इंजिन सहसा शाबूत असतं. कुरकुर असते ती भोवतालच्या सामानाची: सैल बोल्ट, कोरडं बेअरिंग, वायरचे कच्चे जोड, लवकर तडकणारी पेट्रोलची नळी.

म्हणून कंपनीच्या नावाआधी सुटे भाग बघ. पैसे देण्याआधी विक्रेत्याला सांग, क्लचची केबल, क्लचचा लिव्हर आणि पुढच्या ब्रेकचे पॅड आत्ता काउंटरवर ठेवा. ‘मागवून देऊ’ हे उत्तर धरायचं नाही. शिकाऊ माणसाची गाडी उभ्या उभ्या तरी एकदा आडवी होतेच, त्यात काही वावगं नाही, पण लिव्हर आणि इंडिकेटर तिथेच मोडतात. आठशे रुपयांच्या लिव्हरपायी असो की त्याहून स्वस्त केबलपायी, महिनाभर उभी राहणारी गाडी तुला चालवायला शिकवणार नाही. सुटे भाग मिळत असतील तर कोरी चिनी गाडी बिनधास्त घे. मिळत नसतील तर जुनी जपानी बरी, टाकीवर ओरखडे असले तरी.

आणि बसून बघ. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला घट्ट टेकले पाहिजेत. ट्रेल प्रकारच्या, म्हणजे कच्च्या वाटांसाठीच्या, उंच गाड्या फोटोत देखण्या दिसतात, पण सिग्नलला थांबताना एक पाय हवेत राहिला की नवशिक्याचा धीर सुटतो. कोव्हे या चिनी कंपनीच्या तिन्ही गाड्यांनी २०२३ ची डाकार ही वाळवंटातली खडतर शर्यत पूर्ण केली, याचा मलाही मनापासून आनंद आहे. तरी तुझ्या पहिल्या गाडीचा निर्णय त्यावरून करू नकोस.

प्रश्न: एक चिनी ट्रेल बाइक फार स्वस्त मिळतेय. हेडलाइट, इंडिकेटर, आरसे सगळं आहे. म्हणजे रस्त्यावर चालेलच ना?

उत्तर: नाही, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. दिवे कुणीही लावू शकतं. गाडी रस्त्यावर चालवण्याची परवानगी कागदावर ठरते. उत्पादकाच्या दाखल्यात ती रस्त्यावर वापरायचं वाहन म्हणून नोंदलेली असली पाहिजे. ‘ऑफ-रोड’ किंवा ‘फक्त खाजगी जागेत वापरासाठी’ असं लिहिलेलं असेल, तर विक्रेता तोंडी काहीही म्हणो, ती तुमच्यासाठी नाही. नंतर पासिंग करून घेऊ, या भरवशावर लोक पैसे भरतात आणि गाडी अंगणात सडते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कळवळून सांगते, दाखल्याची प्रत आधी मागा आणि तुमच्या नोंदणी कार्यालयात दाखवा. त्यांनी होकार दिला की मगच पैसे द्या.

चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तो सतरा खुणांचा असतो आणि चीनमध्ये बनलेल्या गाडीचा ‘एल’ या अक्षराने सुरू होतो. हँडलच्या मुळाशी कोरलेला नंबर, पट्टीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर, तिन्ही अक्षर न् अक्षर जुळायला हवेत. हेडलाइटच्या काचेवर आणि टायरवर मान्यतेची खूण शोधा. युरोपीय पद्धतीची असेल तर वर्तुळात ‘ई’ आणि शेजारी आकडा दिसतो.

भरघोस सवलतीतल्या जुन्या साठ्याबद्दलही सावध राहा. प्रदूषणाचे नियम बदलले की आधीच्या नियमातली कोरी गाडीसुद्धा नोंदणीला अडते. युरोपात २०२१ पासून सगळ्या नव्या दुचाकींना युरो ५ हे प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, तेव्हा युरो ४ चा न विकलेला साठा असाच अडचणीत आला. सवलत कशामुळे आहे, हे स्पष्ट विचारा.

प्रश्न: २५० सीसी म्हणून विकली जाणारी गाडी कागदावर २२९ सीसी दाखवतेय. फसवणूक आहे का?

उत्तर: जाहिरातीतला आकडा फुगवलेला आहे, कागद खरा आहे. इंजिनावरचा कोड वाचा, बहुधा ‘१६७एफएमएम’ असेल. पहिला १ म्हणजे एक सिलिंडर, ६७ हा सिलिंडरचा मिलिमीटरमधला व्यास, एफ म्हणजे हवेने थंड होणारं, पुढचा एम मोटरसायकलचा आणि शेवटचा एम २५० च्या वर्गाचा. व्यास ६७ आणि स्ट्रोक ६५ मिलिमीटर धरून गणित केलं की २२९ सीसीच येतं. ‘१५६एफएमआय’ म्हणजे याच कुळातलं १२५, ‘१६२एफएमजे’ म्हणजे १५०. हा कोड वहीत लिहून ठेवा, सुटे भाग मागताना गाडीच्या नावापेक्षा तोच उपयोगी पडतो. लायसन्सचा वर्ग आणि विमा मात्र कागदावरच्या आकड्यानेच ठरवा.

प्रश्न: माझ्या मुलीने तिच्या पहिल्या कमाईतून चिनी गाडी पसंत केली आहे. मला ब्रेकची भीती वाटते. तिला नाही म्हणू का? – एक आई

उत्तर: नाही म्हणू नका, तिच्यासोबत दुकानात जा. एकाच किमतीत मोठं इंजिन बिगर-एबीएस आणि लहान इंजिन एबीएससह मिळत असेल, तर तिला लहान घ्यायला सांगा. घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबणं ही नवशिक्याची सर्वात घातक सवय, आणि एबीएस नेमकं तेव्हा चाक लॉक होऊ देत नाही. युरोपात १२५ सीसीवरच्या नव्या मोटरसायकलींना ते सक्तीचंच आहे. त्याखालच्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागणारी पद्धत चालते. तीही काहीच नसण्यापेक्षा कितीतरी चांगली.

स्वस्त गाडीचे टायर पुष्कळदा कडक रबराचे असतात आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतात. गाडी घेतानाच चांगल्या टायरचे पैसे बाजूला काढा. हेल्मेटचे तर त्याहूनही आधी.

प्रश्न: खोक्यातली गाडी घेतली. विक्रेता म्हणतो, किल्ली फिरवा आणि निघा. निघू?

उत्तर: अजिबात नको. एक अख्खी दुपार गाडीपाशी बसा. टॉर्क पाना (नट किती जोराने आवळला ते दाखवणारा) मिळवा, उसना मिळाला तरी चालेल, आणि मॅन्युअल उघडून पुढच्या अॅक्सलपासून मागच्यापर्यंत प्रत्येक नट तपासा. ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट, हँडलचे क्लॅम्प, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), इंजिन धरून ठेवणारे बोल्ट, सायलेन्सर. जोर लावून आवळत सुटू नका, ॲल्युमिनियममधले आटे एका झटक्यात जातात. कंपनात सैल होतील अशा बोल्टना थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा, पण ब्रेक डिस्कवर त्याचा थेंब पडू देऊ नका. पुढचं चाक उचलून हँडल फिरवा. मध्येच अडखळलं किंवा करकरलं, तर बेअरिंगमध्ये ग्रीस नाही किंवा नट जास्त आवळलाय. चाक फिरवत स्पोकवर पाना हळूच टिचकवा. ज्याचा आवाज बद्द येईल तो सैल.

बॅटरीची टर्मिनलं, हेडलाइटमागचे जोड आणि अर्थिंगचा बोल्ट हाताने हलवून बघा. ‘गाडी मध्येच बंद पडते’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी तक्रारी एका सैल अर्थिंगपाशी संपतात.

कारखान्यातून आलेलं ऑइल काढून टाका आणि नवीन भरताना डब्यावर ‘जासो एमए’ ही मोटरसायकलच्या ऑइलची खूण बघा. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचं ऑइल घातलं तर तो घसरू शकतो. पहिले काही दिवस इंजिन ताणू नका, पण एकाच वेगावरही रटाळपणे चालवू नका, गिअर बदलत राहा. मग ऑइल पुन्हा बदला. निघालेल्या ऑइलमध्ये बारीक चमचम दिसली तर घाबरू नका, नव्या इंजिनात ती येतेच. धातूचे तुकडे दिसले तर मात्र गाडी हलवू नका, विक्रेत्याला बोलवा. इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट, तपासून घ्या. या इंजिनात ते स्क्रू आणि लॉकनटचं काम आहे, एकदा कुणी शेजारी बसून दाखवलं की तुम्हीही कराल. नवी चेन सुरुवातीला भराभर ढिली पडते, तेव्हा तिच्यावर रोज नजर हवी.

प्रश्न: सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही. कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक छिद्र) मोठा टाकू का?

उत्तर: आधी चोक पूर्ण ओढून, थ्रॉटलला हात न लावता सुरू करून बघा. प्रदूषण नियमांत बसवायला या गाड्यांचं हवा-पेट्रोलचं मिश्रण मुद्दाम पातळ, म्हणजे कमी पेट्रोलचं, ठेवलेलं असतं, त्यामुळे गरम व्हायला त्या वेळ घेतात. जेट बदलला तर गाडी मान्यता मिळालेल्या स्थितीत राहत नाही आणि वॉरंटीही जाऊ शकते. चोक ओढूनही सुरू होत नसेल, तर प्लग आणि टॅपेट बघा.