एआय एजंटला वेबपानाचा अर्धाच मजकूर का मिळतो?

तुम्ही एमसीपीचा (एआय एजंटला बाहेरची साधनं जोडायची एक ठरलेली पद्धत) वेबपानं आणून देणारा 'फेच' सर्व्हर वापरताय आणि लांब लेख मध्येच तुटतो, असं विचारलंय. हा बिघाड नाही. हे टूल पानाचं एचटीएमएल मार्कडाऊनमध्ये, म्हणजे साध्या खुणांच्या मजकुरात, बदलतं आणि एका वेळी एक तुकडाच देतं. मूळ मर्यादा ५००० अक्षरांची आहे. पुढचा भाग हवा तर एजंटने 'स्टार्ट इंडेक्स', म्हणजे कितव्या अक्षरापासून वाचायचं तो आकडा, वाढवून पुन्हा मागायचा. 'मॅक्स लेंग्थ', म्हणजे ही अक्षरमर्यादा, वाढवता येते, पण मराठी मजकुराला बहुतेक मॉडेल्समध्ये इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्या छोट्या तुकड्यांत मोजतं ते) लागतात, म्हणून मी तरी तुकड्यांनीच वाचायला लावेन.

पान कोरंच येत असेल तर कारण वेगळं. तिथला मजकूर जावास्क्रिप्ट भरते आणि फेच ती चालवत नाही. अशा वेळी प्लेराइट या ब्राउझर चालवणाऱ्या साधनाने खरा ब्राउझर चालवावा लागतो.

एक गोष्ट मात्र आजच बघा. हा सर्व्हर तुमच्या अंतर्गत नेटवर्कवरचे पत्तेही उघडू शकतो, आणि बाहेरून आणलेल्या पानात एजंटला उद्देशून लिहिलेल्या सूचना दडवलेल्या असू शकतात. दोन्ही एकत्र आलं तर ऑफिसची माहिती बाहेर जायला वेळ लागणार नाही. तेव्हा हा सर्व्हर वेगळ्या कंटेनरमध्ये (बाकी संगणकापासून अलग ठेवलेल्या जागेत), अंतर्गत पत्ते अडवूनच चालवा.