मुलं असताना परक्याला फोन कसा करू?

ताई, आम्ही दोघंच सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. मी 66 वर्षांची, हे 74 चे, रेल्वेतून निवृत्त. पावसाळ्यात यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. मुलगा बंगळूरला, मुलगी पनवेलला. दोघंही पैसे पाठवतात, रोज फोन करतात. पण कूस मला एकटीलाच वळवावी लागते. जुनं लुगडं यांच्या पाठीखाली सरकवते आणि पलीकडून ओढते. आता टाचेवर लाल चट्टा दिसतोय. त्यात नोव्हेंबर आला, हयातीचा दाखला द्यायचाय. यांना बँकेत नेऊ कशी? शेजारच्या मुलीने कॅलेंडरवर 14567 हा ज्येष्ठांच्या मदतीचा नंबर लिहून दिलाय. तीनदा लावला, रिंग वाजली की ठेवून दिला. मुलं असताना परक्यापुढे रडगाणं गायचं? उद्या कुणी चौकशीला दारात आलं तर गाव काय म्हणेल? मुलगा दुखावला तर?

प्रिय काकू,

फोनचं नंतर बोलू, आधी टाच. तो चट्टा बोटाने हलकेच दाबून पाहा. दाबूनही लालच राहत असेल तर तिथे जखम व्हायला सुरुवात झाली आहे असं समजा. चोळू नका, तेल जिरवू नका. काकांच्या पोटरीखाली उशी द्या म्हणजे टाच अंथरुणाला टेकणारच नाही. आणि उद्याच्या उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा. जाणं जमणार नसेल तर आशाताईंना घरी बोलावून घ्या. दिवसा दर दोन तासांनी कूस बदलायचीच. पण काकू, लुगड्याने ओढताना कातडी घासते, चट्ट्याचं एक कारण तेही असू शकतं. माणूस ओढायचा नसतो, दोघांनी दोन बाजूंनी कापड धरून उचलायचा असतो. दोघांनी. तुमच्या पत्रात दुसरा माणूस कुठेच नाही, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ तिथे आहे.

त्या दुसऱ्या माणसाची सोय विचारायला तो नंबर आहे. 1 ऑक्टोबर 2021 ला, ज्येष्ठ नागरिक दिनी, 14567 ची ही एल्डरलाईन देशभर सुरू झाली. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची ही सेवा. त्याआधी टाटा ट्रस्ट्सने हैदराबादेत हेच काम सुरू केलं होतं. फोन फुकट आहे, आठवड्याचे सातही दिवस सकाळी आठ ते रात्री आठ. पलीकडचं माणूस मराठीत बोलतं. ते तुमच्याकडे डॉक्टर धाडणार नाहीत, पैसेही देणार नाहीत. तुमच्या भागात कोण काय करतं, कुठल्या योजनेसाठी कुठे जायचं, हे सांगतात. नुसतं मन मोकळं करायचं असेल तरी ऐकून घेतात. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढलंय, मारहाण होतेय, कुणी रस्त्यावर पडलंय, अशा वेळी त्यांची माणसं प्रत्यक्ष जातात. तुमचं तसं काही नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगा, 'माझी मुलांबद्दल तक्रार नाही, मला माहिती हवी आहे.' आईवडिलांच्या चरितार्थासाठी 2007 चा कायदा आहे, पण त्यासाठी न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज द्यावा लागतो. माहिती विचारली म्हणून मुलावर खटला भरला जात नाही. ही भीती मनातून काढून टाका.

फोनला बसताना कागद-पेन घ्या. काकांचं वय, आजार, गाव-तालुका आणि हव्या त्या गोष्टी आधीच लिहून ठेवा, नाहीतर ऐनवेळी रडू येतं आणि निम्मं राहून जातं. मला विचाराल तर तीन गोष्टी मागा. दिवसातून दोनदा येऊन उचलायला हात लावेल असं माणूस किंवा तशी माणसं देणारी जवळची संस्था. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट. आणि एअर मॅट्रेस, कमोडची खुर्ची भाड्याने मिळेल असं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र. अनेक तालुक्यांच्या गावी एखादं मंडळ किंवा ज्येष्ठ नागरिक संघ अनामत घेऊन अगदी थोड्या भाड्यात हे सामान देतो. एवढ्यासाठी नवीन पलंग घेऊ नका.

एक मात्र आधीच सांगते. बाबा अंथरुणावर होते तेव्हा मीही अशाच एका मदतीच्या नंबरवर फोन केला होता. त्यांनी दिलेला पत्ता बंद पडलेल्या केंद्राचा निघाला. मी भर उन्हात कुलूप लावलेल्या दारापुढे उभी, आणि इतका संताप आला की पुन्हा फोन करायचाच नाही असं ठरवलं. चार दिवस फुकट गेले, तेवढे दिवस आईची कंबर जास्त मोडली. मग पुन्हा लावला, तेव्हा ज्या बाई बोलल्या त्यांनी आधी स्वतः खात्री केली आणि मग नंबर दिला. म्हणून जे नाव मिळेल तिथे निघण्याआधी फोन करून विचारा. आणि एल्डरलाईनवर कोण बोललं, कधी बोललं, हेही लिहून ठेवा. पुन्हा लावाल तेव्हा पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.

दाखल्यासाठी काकांना कुठेही न्यायचं नाही. पोस्टमनला सांगा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे तो यंत्र घेऊन घरी येतो, बोटाचा ठसा घेतो आणि डिजिटल हयातीचा दाखला निघतो. 70 रुपये पडतात. डाव्या हाताचं बोट चालतं. आधार कार्ड, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर, बँकेचं पासबुक आणि मोबाइल जवळ ठेवा. सोबत काकांच्या बँकेलाही कळवा, आजारी पेन्शनरच्या घरी माणूस पाठवण्याची सोय त्यांच्याकडेही असते.

बोलता बोलता काकांची वाचा किंवा शुद्ध जातेय असं वाटलं तर मात्र 14567 नव्हे, 108. ॲम्ब्युलन्सचा. तोही कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा.

आता मुलगा. फोन केलात की त्याच संध्याकाळी त्याला तुम्हीच सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका. 'तू कमी पडलास म्हणून नाही रे, पण बंगळूरहून तुझा हात बाबांच्या पाठीखाली कसा पोचेल?' एवढंच म्हणा. आणि त्याला कामही द्या: मिळालेल्या संस्थांना फोन करणं, भाड्याचं बघणं, दर रविवारी तुम्हाला दोन तास झोप मिळेल अशी पनवेलच्या बहिणीबरोबर व्यवस्था लावणं. दूर राहणारी मुलं नुसते पैसे पाठवून आतून कुढत असतात काकू, त्यांना काय करायचं ते कुणी सांगितलं तर बरं वाटतं. दुखावलाच, तर दोन दिवस दुखावेल. टाच दोन दिवस थांबणार नाही.

गावाचं म्हणाल, तर तुमच्या कॅलेंडरवर नंबर लिहिणारी ती शेजारची मुलगी गावातलीच आहे. उद्या आठ वाजून गेले की तिला बोलवा, शेजारी बसवा आणि तिच्यासमोर नंबर लावा. पहिल्या वेळी हवं तर तीच बोलेल.

चट्टा कसा आहे ते मला आठवडाभरात कळवा.

तुमची,
ताई