दिल्लीतली पहिली स्टाफ पोस्टिंग
पलटणीत कर्नल म्हणजे सीओ (कमांडिंग ऑफिसर), सगळ्यांचा मायबाप. दिल्लीच्या लष्कर मुख्यालयात तोच डायरेक्टर, आणि चहासुद्धा स्वतःच मागवायचा! हे आधी पचव. वर ब्रिगेडियर डीडीजी (उपमहासंचालक), मेजर जनरल एडीजी (अतिरिक्त महासंचालक), लेफ्टनंट जनरल डीजी (महासंचालक); फाइल याच शिडीने चढते. फाइलवरची नोट दीड पानात बसव. माझी पहिली सात पानांची होती. वरून पेन्सिलीने एकच शब्द आला, ‘म्हणजे?’ २०२० पासून सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांसाठीचे संरक्षण दल प्रमुख, आणि त्यांचा लष्करी व्यवहार विभाग आलेत, तेव्हा प्रस्ताव मांडण्याआधी नौदल-हवाई दलातल्या समकक्षांना फोन कर. खर्चाचं असेल तर अर्थ सल्लागारांकडे स्वतः जाऊन बस. आणि सेक्शनमधल्या जुन्या बाबूंशी वाकडं घेऊ नकोस. आधीची फाइल कुठल्या कपाटात आहे, ते त्यांनाच ठाऊक.