हिमॅटॉलॉजी वॉर्डात नवीन आहे, रक्तविकाराच्या पेशंटची काळजी घेताना नेमकं काय सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की जनरल वॉर्डातून बदली झालीये, ल्युकेमिया, थॅलेसेमिया, हिमोफिलिया सगळेच पेशंट एका वॉर्डात, आणि भीती वाटतीये. मी या कामात बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगते, भीती वाटणं साहजिक आहे, पण आधी एकच सवय लावून घ्या. पेशंट म्हणाला "सिस्टर, काहीतरी वेगळं वाटतंय" की हातातलं काम ठेवून त्याच्याजवळ जायचं. मॉनिटरवर काही दिसायच्या आधी त्याला कळलेलं असतं.

हे मी रक्त चढवताना शिकले. एका पेशंटला बॅग लावून जेमतेम आठ-दहा मिनिटं झाली होती, बीपी ठीक, टेम्परेचर ठीक, आणि तो म्हणाला कंबर दुखतीये आणि उगाच घाबरल्यासारखं होतंय. मी रक्त बंद केलं, नवीन सेट लावून सलाइन चालू ठेवलं, डॉक्टरांना बोलावलं, बॅग आणि सेट तसाच ब्लड बँकेत परत पाठवला. नंतर कळलं की सॅम्पल घेताना लेबलची अदलाबदल झाली होती. थोडंच रक्त गेलं होतं म्हणून तो वाचला. तेव्हापासून मी ट्यूबवर लेबल पेशंटच्या बेडजवळच, त्याच्याकडून नाव वदवून घेऊन लावते, टेबलावर आधी लिहून ठेवलेली ट्यूब मला चालत नाही. बॅग लावताना पण दोघींनी बेडजवळ चेक करायचं, पहिली 15 मिनिटं सावकाश सोडायचं आणि तिथून हलायचं नाही, बॅग 4 तासांच्या आत संपवायची, आणि त्या लाइनमधून नॉर्मल सलाइनशिवाय काही नाही, डेक्स्ट्रोजने लाल पेशी फुटतात. प्लेटलेटची, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशींची, बॅग फ्रिजमध्ये ठेवू नका, ती 20 ते 24 अंशांवर हलती ठेवतात, आली की लावून टाका.

दुसरी गोष्ट ताप. ज्याचे न्यूट्रोफिल, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, एका मायक्रोलिटर रक्तात 500 च्या खाली गेलेत त्याच्या शरीरात पू तयार करायला पण पेशी नसतात, म्हणजे इन्फेक्शन असून जखम लाल होत नाही, कधीकधी छातीचा एक्स-रेही साफ येतो, बऱ्याचदा कळतं ते फक्त तापावरून. एकदा जरी 38.3 सेल्सिअस आला किंवा 38 तासभर टिकला तर ताबडतोब कळवा, कल्चर (जंतू शोधायची तपासणी) घ्या आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात गेलाच पाहिजे. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू, हे इथे चालत नाही, सकाळपर्यंत पेशंट शॉकमध्ये जाऊ शकतो. स्टेरॉइडवर असलेल्याला ताप येईलच असं नाही, त्याला थंडी वाजली किंवा तो गळून गेल्यासारखा वाटला तरी तेवढंच गंभीर घ्यायचं. आणि हात धुणं, ते वेगळं सांगायला नको.

प्लेटलेट खूप कमी असतील तर स्नायूत इंजेक्शन नाही, गुदद्वारातून टेम्परेचर किंवा औषध नाही, ॲस्पिरिन-आयब्युप्रोफेन नाही, ब्रश मऊ, सुई काढल्यावर निदान 5 मिनिटं दाब. नवीनच डोकेदुखी सुरू झाली तर मेंदूत रक्तस्राव नाही ना ही शंका आधी, गोळी नंतर.

सिकलसेलच्या पेशंटबद्दल जरा मनापासून सांगते, कारण यांना फार सोसावं लागतं. क्रायसिसमध्ये, म्हणजे दुखण्याचा झटका येतो तेव्हा, वाकड्या झालेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात, त्या दुखण्याला मॉर्फिन लागू शकतं, आणि तो फोनवर बोलतोय किंवा शांत पडलाय म्हणून दुखत नाहीये असं काही जण ठरवून टाकतात. तसं करू नका. तो दहापैकी नऊ म्हणाला तर नऊ लिहा, औषध वेळेवर द्या, ऊब द्या, पाणी पाजा, आणि छातीत दुखलं किंवा ऑक्सिजन उतरला तर लगेच डॉक्टर.

हिमोफिलियाचंही असंच, सूज दिसायच्या आधी तो सांगतो की गुडघ्यात भरतंय, तेव्हा डॉक्टरांना सांगून आधी फॅक्टर (रक्त गोठवणारं जे प्रथिन त्याच्यात कमी असतं, त्याचं इंजेक्शन), मग एक्स-रे. आणि थॅलेसेमियाच्या ज्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना कुठली शीर मिळते हे तोंडपाठ असतं, सुई हातात घ्यायच्या आधी त्यांनाच विचारा.