यंदा कैऱ्या आणू नकोस

ताई, मी ४४ वर्षांची, पुण्यात राहते. सासूबाईंना अंडाशयाचा कॅन्सर आहे. केमोचा उपयोग होत नाही म्हणून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याला तीन महिने झाले. यांचं आणि नणंदेचं म्हणणं, आईंना काही कळता कामा नये. त्या विचारतात, 'मी बरी होणार ना गं?' मी हो म्हणते आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडते. परवा म्हणाल्या, 'यंदा कैऱ्या आणू नकोस, लोणचं राहू दे.' नणंद रोज व्हिडिओ कॉलवर विचारते, आई इतकी कशी वाळली, काही खायला घालतेस की नाही? रात्री आई कण्हत असतात तेव्हा मनात येतं, सुटू दे आता यांना. मग स्वतःचीच किळस येते. मी इतकी वाईट आहे का?
– एक सून

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. 'अनायासेन मरणं' हे मागणं आपल्याकडची म्हातारी माणसं रोज देवापुढे स्वतःसाठी मागत आली आहेत. तुम्ही ते त्यांच्यासाठी मागितलंत. त्यात थोडी स्वतःच्या झोपेचीही मागणी असेल, तर असू दे. तीन महिने रात्रीची जाग काढल्यावर कुणाच्याही मनात हे येतं, फक्त लिहून कळवण्याचं धाडस फार थोड्यांना होतं.

पत्र वाचताना मी अडकले ती कैऱ्यांपाशी. तुम्ही ते वाक्य ओघात लिहून पुढे गेलात. अहो, लोणचं वर्षाचं घालतात. ते मुरायचं, पुरवून खायचं, तेवढे दिवस आपल्या हातात नाहीत हे त्या तुम्हाला सांगून गेल्या. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना सगळं ठाऊक आहे. त्या तुमच्यासाठी नाटक करताहेत आणि तुम्ही त्यांच्यासाठी. मरणाच्या भीतीहून हे एकटेपण मला जास्त वाईट वाटतं.

पुन्हा 'बरी होणार ना' असं विचारलं, तर हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. 'तुम्हाला काय वाटतं, आई?' एवढं विचारा आणि गप्प राहा. हातात घेवडा मोडायला घ्या हवं तर. डोळ्यांत डोळे घालून जे बोलवत नाही ते भाजी निवडताना सहज निघतं. त्यांनी विषय बदलला तर तुम्हीही बदला. ज्याला ऐकायचं नाही त्याला ऐकवण्यात काही मोठेपणा नाही. मात्र तुमच्या यांच्याशी आधी बोला. ते आईला फसवत नाहीत, त्यांना स्वतःलाच अजून ऐकवत नाहीये. डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जा आणि हा विषय त्यांच्यासमोरच काढा.

आणि एक. आई कण्हतात असं लिहिलंत, गोळ्यांबद्दल अक्षर नाही. सवय लागेल या धास्तीने मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदना शमवणारी, गोळी कितीतरी घरांत डब्यातच राहते, किंवा अगदी असह्य झालं की मगच देतात. कॅन्सरच्या सततच्या दुखण्यात ती घड्याळ लावून द्यायची असते, डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळांना, सोबत पोट साफ होण्याचं औषध घेऊन. सिसिली सॉन्डर्स या बाई आधी नर्स होत्या, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या शेवटच्या दिवसांतल्या सेवेचं ठिकाण. त्या म्हणायच्या की अशा रुग्णाची वेदना एकट्या शरीराची नसते. मनाची, घरादाराची, देवाधर्माची वेदना तीत मिसळलेली असते. पण म्हणून शरीराची तशीच ठेवायची नसते. रात्रभर दुखत असेल तर उदासी कुठली आणि दुखणं कुठलं, हे आईंनाही सांगता यायचं नाही. एकाएकी असंबद्ध बोलू लागल्या, कुणी दिसतंय म्हणाल्या, तर 'आता असंच चालायचं' म्हणून सोडून देऊ नका. त्यालाही पुष्कळदा उपाय असतो, डॉक्टरांना फोन करा.

तुम्ही पुण्यातच आहात. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करण्याच्या सेवेचं, सेंटर १९९७ पासून आहे आणि तिथली सेवा विनामूल्य आहे. घरच्या माणसाला कसं सांभाळायचं हे तिथे शिकवतात. 'तिथे नेलं म्हणजे आशा सोडली' असं नातेवाईक म्हणतील. म्हणू द्या.

नणंदेला सांगा, शरीर थकत आलं की भूक आधी जाते. कोंबून भरवलं तर ठसका लागतो, मळमळतं, ताकद काही येत नाही. मागतील तेव्हा चमचाभर पेज आणि एरवी ओल्या कापसाने ओठ पुसणं, एवढं पुरे. पुढचं वाक्य मात्र तुमच्या यांनी फोनवर बोलायचं, तुम्ही नाही: 'ताई, आठ दिवस ये आणि रात्री तू सांभाळ.' कॅमेऱ्यातून सगळ्यांनाच सगळं कळतं.

तुमच्यासाठी १४४१६ हा सरकारचा टेली-मानस, म्हणजे मानसिक आधाराचा, फोन क्रमांक लिहून ठेवा. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. नळ सोडून रडण्यापेक्षा तिथे मोठ्याने रडा.

आणि कैऱ्या आणा. दोनच. बरणीची नव्हे, तक्कूची सोय. त्यांचं तोंड आलेलं नसेल तर जिभेच्या टोकाला लावा. कॉटजवळ बसून किसा, गूळ किती, फोडणीत हिंग किती ते विचारत राहा. मीठ मुद्दाम कमी घाला. त्या रागावतील, 'इतक्या वर्षांत एवढंही शिकली नाहीस' म्हणतील. म्हणेनात का.